आजचं पाणी : सव्वासात

बाई घरी आल्या की त्यांना पाणी द्यायला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पटकन पुढे होत नसे. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं ही आपली रीत. पण बाईंच्या बाबतीत ती रीत म्हणजे परीक्षा होती. ग्लास हातात घेतला की त्या तो तोंडाला लावत नसत. आधी बशी मागत. चहाला अजून वेळ असताना बशी कशाला, हे नवख्या माणसाला कळत नसे. त्या ग्लासातलं घोटभर पाणी बशीत ओतत, पर्समधून होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तसली छोटी बाटली काढत, तिच्यातली कागदाची बारीक पट्टी बशीत बुडवत आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन बघत. चष्म्याच्या डबीच्या झाकणाला आतून रंगांचा तक्ता चिकटवलेला होता. पट्टी त्या तक्त्याशी ताडून झाली की म्हणत, "सव्वासात. छान आहे." मग ग्लासातलं पाणी घटाघटा पिऊन टाकत. तोपर्यंत घरची मंडळी निकालाची वाट बघत असल्यासारखी उभी.

दुसऱ्या मजल्यावर नवी सून आली होती. बिचारीने मोठ्या हौसेने चांदीच्या पेल्यातून पाणी आणलं. बाईंनी पट्टी बघितली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "सहा." सून रडायलाच लागली. तिला वाटलं, दहापैकी मिळालेत. बाईंनी तिला जवळ घेतलं. "अगं, तुला नाही, पाण्याला. तुमचा फिल्टर किती दिवसांत उघडला नाहीये, ते सासूला विचार." सासूचं आणि बाईंचं त्यानंतर बरेच महिने जमलं नाही. सुनेचं मात्र बाईंशी जन्माचं जमलं.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. लग्नानंतर गिरगाव सोडून इकडे आले तेव्हा मीरा रोड म्हणजे मला पृथ्वीचं टोक वाटायचं. बाई स्वतः राहत त्याच, हाटकेशमधल्या या बिल्डिंगमध्ये घर बाईंनीच बघून दिलं. दलाल जागा दाखवत होता, मी गॅलरी किती मोठी ते बघत होते आणि बाई स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "घे. पाणी चांगलं आहे. बाकी सगळं रंगवता येतं."

पाण्याचा स्वभाव मोजायच्या मापाला मराठीत सामू म्हणतात, हे मला बाईंमुळे कळलं. मराठीची शिक्षिका असून मला तो शब्द कुणाच्या तरी घरातल्या लाडक्या धाकट्याचं नाव वाटायचा. शून्यापासून चौदापर्यंत मोजायचं. सातच्या खाली आम्ल, म्हणजे लिंबू, चिंच, ताक. सातच्या वर अल्क, म्हणजे चुना, सोडा, साबणाचं पाणी. सात म्हणजे ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. पिण्याचं पाणी साडेसहा ते साडेआठ यांच्यात असावं. एवढं सांगून बाई थांबल्या असत्या तर त्या कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही विज्ञानाच्या बाई झाल्या असत्या. पण त्या माणसांनाही याच पट्टीवर बसवायच्या. आमचे मुख्याध्यापक पाच. माझा नवरा साडेनऊ. "फार गोड बोलतो गं. हातात येत नाही, साबणासारखा सटकतो." हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं आणि तो हसत सटकला, म्हणजे निदान बरोबरच होतं. मी किती, असं विचारलं तर म्हणाल्या, "सहा. मराठीवाले सगळे थोडे आंबटच असतात." आणि तुम्ही? "मी मिठागराची. मीठ कुणाच्या बाजूचं नसतं."

हे वाक्य त्या वरचेवर म्हणत आणि त्यामागे एक गोष्ट होती. बाई मूळच्या पेणकरपाड्याच्या. आज तिथे बिल्डिंगला बिल्डिंग टेकलेली आहे, पण त्यांच्या वडलांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागर होतं. वडील कोंडीतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत आणि मीठ कधी बसणार ते सांगत. शाळेत पहिल्यांदा लिटमसचा कागद मिळाला तेव्हा बाईंनी घरून मिठाचं पाणी नेलं होतं. एवढं जीभ सोलून काढणारं पाणी, कागद नक्की लालभडक होणार किंवा निळाभोर तरी. कागद होता तसाच राहिला. निळा निळाच आणि लाल लालच. घरी येऊन त्या वडलांवर रुसल्या, तुमच्या मिठात दम नाही म्हणून. वडील म्हणाले, "अगो, मीठ कोनाच्या बाजूचा नसतंय. म्हनून तं सगल्यांच्या जेवनात चालतंय." बाई म्हणत, माझं सगळं रसायनशास्त्र एवढंच आहे, पुढची पुस्तकं मी उगाच वाचली.

शिकवायला उभ्या राहिल्या की मात्र त्यांना जागा-वेळ काही लागत नसे. एकदा सहलीची बस वरसाव्याच्या पुलाजवळ अडकली. तिथे बस अडकणं यात नवल नाही, सुटली तर नवल. पोरं कावली, एकाला उलटी झाली, ड्रायव्हर उतरून कुठे गेला त्याचा पत्ता नाही. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आपापल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढा." मग मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत भाईंदरचं पाणी, काशीमिऱ्याचं पाणी, बोअरचं, टँकरचं, उकळलेलं, फिल्टरचं असं सगळं तपासून झालं. एका मुलीच्या बाटलीची पट्टी लाल झाली. बाई गंभीर झाल्या. निघालं कोकम सरबत. बस सुटली तेव्हा पोरांनी चक्क "थांबा, अजून माझी राहिली" म्हणून आरडाओरडा केला. वरसाव्याच्या ट्रॅफिकला थांब म्हणणारी माणसं मी त्यानंतर कधी पाहिली नाहीत.

आता कुंकवाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत.

बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. बाई त्याबद्दल बोलत नसत आणि त्यांच्या चालण्याबोलण्यातून ते कुणाला जाणवतही नसे. आमच्या सोसायटीचं संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू होतं. खालच्या हॉलमध्ये बायका गोलात बसलेल्या, बाईही माझ्या शेजारी. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ओढून नेलं होतं. करंडा घेऊन येणारी बाई एकेकीला हळद लावत, कुंकू लावत पुढे सरकत होती. आमच्या बाईंपाशी आली आणि तिचं बोट हवेतच राहिलं. पुढे जावं तर अपमान, लावावं तर जमत नाही. माझा चेहरा मलाच तापलेला जाणवत होता.

बाई शांतपणे उठल्या. दाराशी वॉचमन उभा होता, त्याला म्हणाल्या, "भैया, चूना है?" तो बावचळला. ड्युटीवर तंबाखू खाल्ली म्हणून आता नोकरी जाणार, असं त्याला वाटलं असावं. "अरे दो ना, शिकायत नहीं करती." त्याने खिशातून चुन्याची डबी काढली. बाईंनी करंड्यातली चिमूटभर हळद तळव्यावर घेतली, दोन थेंब पाणी टाकलं, नखाएवढा चुना लावून बोटाने मळला. बघता बघता पिवळी हळद लालबुंद झाली. तळवा सगळ्यांना फिरवून दाखवत म्हणाल्या, "हे बघा कुंकू. हळदीला चुना लागला की होतं. नवरा लागत नाही."

आणि स्वतःच्या कपाळावर स्वतः टिकली लावून जागेवर येऊन बसल्या. पहिल्यांदा टाळी वाजवली ती तिसऱ्या मजल्यावरच्या भाविनीबेनने. मग सगळ्यांनीच वाजवल्या. करंडेवाली रडायला लागली आणि बाई तिलाच समजावत बसल्या की चुना कमी घ्यायचा हं, कातडी भाजते. त्या दिवशी मला बाईंचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या सख्ख्या माणसांचाही क्वचितच वाटलेला आहे. घरी जाऊन मी नवऱ्याला ते तीन-तीनदा सांगितलं. गिरगावात फोन करून आईला सांगितलं. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात कुणाचंही बोट हवेत राहिलं नाही.

बिल्डिंगच्या गेटपाशी सूचना लिहायचा एक काळा फळा होता. लिफ्ट बंद राहील, गाड्या नीट लावा, असलं काही त्यावर असायचं. रिटायर झाल्यावर बाईंनी त्याचा खालचा कोपरा बळकावला. रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला उतरताना त्या खडूने लिहीत, "आजचं पाणी : सव्वासात." कधी साडेसात, कधी पावणेआठ. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली एक ओळ जास्त, "आज उकळून प्यावं." सुरुवातीला पोरं त्यावर मिशा काढत. मग लोकांना सवय लागली. ऑफिसला जाणारी माणसं देवळाबाहेरून नमस्कार करावा तशी त्या कोपऱ्याकडे नजर टाकून रिक्षा पकडायची.

बाईंना मूलबाळ नव्हतं, पण भाचा होता. भावाचा मुलगा. त्याची आई लहानपणीच गेली आणि तो शाळेसाठी म्हणून बाईंकडे आला तो तिथेच वाढला. बाई शाळेत आमच्यासारखं बोलायच्या, पण त्याच्याशी बोलताना पेणकरपाड्याच्या होऊन जायच्या. पोरगा प्रेमळ, बोलका, पण अभ्यासात यथातथाच. विज्ञानात तर काठावर. बाईंच्या घरात राहून विज्ञानात काठावर पास होणं म्हणजे हलवायाच्या घरी राहून साखर न खाण्यासारखं होतं. बाई मात्र त्याला कधी पट्टीवर बसवत नसत. याचा सामू किती, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "आपलं माणूस आधी तपासावं, ते खरं. पण याच्या बाबतीत माझे डोळे चालत नाहीत गं."

तो मोठा झाला, दोन-चार ठिकाणी चिकटून सुटला आणि शेवटी हाटकेशमध्येच एक गाळा घेऊन त्याने पाण्याच्या मशीनची एजन्सी घेतली. साधं पाणी आत गेलं की बाहेर अल्कलाइन पाणी येतं म्हणे. उद्घाटनाला नारळ बाईंनी फोडला. नवीन साडी नेसल्या होत्या. भाच्याने मशीनचं पाणी दिलं, बाईंनी बशी मागितली, पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "नऊ. म्हंजे मशीन बोलतंय तसा करतंय. पानी इक. पन त्याच्यानं आजार बरं होतान असा कोनाला सांगू नको. सांगशील तं माज्याशी गाठ हाय." भाच्याने मान डोलावली.

धंदा चालेना. कंपनीचं टार्गेट होतं आणि गाळ्याचं भाडं डोक्यावर. त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाचं वाण भाच्याने स्वतःहून दिलं. प्रत्येकीला पाण्याची एक छान निळी बाटली. त्या बदल्यात हॉलच्या कोपऱ्यात मशीन ठेवून थोडा वेळ डेमो करायचा होता. बायका खूश. बाईही खूश, कारण भाचा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि सुरुवातच त्याने अशी केली, "ही माझी आत्या. तुम्हा सगळ्यांच्या बाई. मला जे काय येतं ते हिनेच शिकवलंय." बाईंनी माझा हात घट्ट दाबला. त्या क्षणी त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग त्याने दोन ग्लास घेतले. एकात आमच्या हॉलमधल्या फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हीत एका बाटलीतले, सामूप्रमाणे रंग बदलणारे थेंब टाकले. मशीनचं पाणी सुंदर निळं झालं आणि आमचं पाणी पिवळं पडलं. "बघा, हे ॲसिडिक पाणी तुम्ही रोज पिताय." बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई" निघालं. आपण आजवर पोराबाळांना विष पाजत होतो, असा चेहरा करून एकीने हातातला ग्लास खाली ठेवला. भाच्याला सूर सापडला. ॲसिडिटी जाते, गुडघे दुखायचे थांबतात, शुगर खाली येते. मी बाईंकडे बघितलं. त्यांचा हात माझ्या हातातून सुटला होता.

तेवढ्यात भाविनीबेनने विचारलं. तिच्या नवऱ्याला ब्लडप्रेशर होतं, गोळ्यांना तो कंटाळलेला होता. "तो भाई, ये पानी पियेंगे तो इनकी बीपी की गोली बंद कर सकते हैं?"

भाचा थांबला. त्याने आत्याकडे बघितलं नाही, ते मी बघितलं. "धीरे धीरे बंद हो जाएगी, बेन," तो म्हणाला.

बाई उठल्या. मसाला दुधाच्या ट्रेमधली एक स्ट्रॉ घेतली, कोपऱ्यात गेल्या आणि मशीनच्या पाण्याचा निळा ग्लास उचलून भाच्यापुढे धरला.

"फुंक."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही, पण भाच्याला कळलं. आपण सगळ्यांनी शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलेलं असतं आणि ती दुधासारखी झाल्यावर टाळ्या पिटलेल्या असतात. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो पाण्यात विरघळला की पाणी आम्लाकडे झुकतं. हा खेळ लहानपणी बाईंच्या स्वयंपाकघरात त्याने शंभरदा केला होता. कुठल्या पाण्यात फुंकलं की काय होतं, हे तोंडपाठ असलेला हॉलमध्ये बाईंखेरीज तो एकटाच.

त्याचा चेहरा पडला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "आते, नको ना. तू माज्या बाजूनं हायस का यांच्या?"

"आपन मिठागरवालं," बाई म्हणाल्या. आवाज हलका होता, पण हात हलला नाही. "मीठ कोनाच्या बाजूचा नसतंय. फुंक."

तो नाही म्हणू शकला असता. मशीन बंद करून, वेळ झाली म्हणून निघून जाऊ शकला असता. त्याने स्ट्रॉ तोंडात धरली आणि फुंकलं. बुडबुडे येत राहिले. निळं पाणी आधी हिरवट झालं, मग निळा रंग कुठे गेला ते कळलंच नाही. शेवटी पिवळसर पाण्याचा ग्लास हातात घेऊन तो उभा राहिला.

बाई बायकांकडे वळल्या. "फिल्टरच्या पाण्यातले क्षार कमी होतात, म्हणून ते थोडं खाली येतं. त्याने कुणी मरत नाही. लिंबू सरबत याच्या कितीतरी खाली असतं, ते पाहुण्यांना देता ना? आणि तुमच्या पोटात देवाने लिंबाहून जालीम ॲसिड घातलंय. एका फुंकरीत जे गेलं ते तिथे काय टिकणार?" मग भाविनीबेनचा हात धरून, सगळ्या बिल्डिंगला पाठ झालेल्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "गोली बंद नहीं करने का. डॉक्टर को पूछे बिना एक दिन भी नहीं करने का. समझ्या?"

"समझी, टीचर," भाविनीबेन म्हणाली.

एकही मशीन गेलं नाही. भाच्याने सामान आवरलं आणि कुणी दिलेला तिळगूळ न घेता तो निघून गेला. राहायलाही पेणकरपाड्याला वडलांकडे गेला. बाई त्याच्यामागे दारापर्यंत गेल्या नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि निळी बाटली मांडीवर घेऊन तिचं झाकण लावत-उघडत राहिल्या. मला त्या दिवशीही त्यांचा अभिमान वाटला, पण आधीच्या संक्रांतीसारखी टाळी वाजवावी असं वाटलं नाही. तो अभिमान गिळायला जड होता.

दुसऱ्या दिवशी फळ्याचा कोपरा कोरा होता. आमच्या बिल्डिंगची त्या दिवशी जी तारांबळ उडाली ती काय सांगू. पाणी खराब आहे का, टँकर कुठला आला, म्हणून सेक्रेटरीला फोनावर फोन. शेवटी मी वर गेले. बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या, समोर बशी, बशीत पट्टी. म्हणाल्या, "बघितलं गं. सव्वासातच आहे. पण लिहायला खाली उतरवेना." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोराचा धंदा बुडवला मी."

"बाई, तुम्ही एका माणसाचा जीव वाचवला."

"ते माहीत आहे. म्हणून काय हे दुखायचं थांबतं?"

त्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं. अक्षर बदललंय, हे पोरांनीसुद्धा ओळखलं.

पुढे बरेच महिने भाचा आला नाही. फोनही नाही. बाई रोज फळा लिहायला लागल्या, पण माणसांना पट्टीवर बसवणं त्यांनी बंद केलं. माझा नवरा मुद्दाम त्यांच्यासमोर गोड गोड बोलून बघायचा, तरी त्या नुसत्या हसायच्या.

आणि एका रविवारी मी त्यांच्याकडे भाजी निवडत बसलेली असताना भाचा दारात उभा. हातात पत्रिका. लग्न ठरलं होतं. त्याने आत येऊन पहिली पत्रिका बाईंच्या पायाशी ठेवली आणि तिथेच खाली बसला. मग म्हणाला, "मशीन परत केली. आता टाक्या धुवायची कामा घेतंय. भाईंदरपर्यंत जातंय. धुऊन झाली का तुज्याच कागदानं बघतंय आन् मंगच पानी चालू करतंय."

एखादी दुसरी आत्या असती तर तिने पोराला छातीशी धरलं असतं. बाईंनी पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "बशीत घेऊन बघतंस का थेट टाकीत बुडवतंस?"

"बशीत, आते."

"मंग ठीक हाय. बस, जेवून जा."

हळद पेणकरपाड्याला होती. दोन बिल्डिंगांच्या मधल्या गल्लीत मांडव घातलेला, एका टोकाला डीजे आणि दुसऱ्या टोकाला धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणारी म्हातारी. दोघांची चुरस चालली होती आणि म्हातारी जिंकत होती. नवरदेव पाटावर बसला. सवाशिणींना हळद लावायला बोलावलं गेलं. मी बाईंना शोधलं तर त्या मांडवाच्या अगदी मागे, खांबाला टेकून उभ्या.

"बाई, पुढे चला ना."

"नको गं. मी इथूनच बघते."

मला खरंच वाटेना. भर हॉलमध्ये वॉचमनकडून चुना मागणारी ही बाई! मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "तिथे माझ्या कपाळाचा प्रश्न होता. इथे पोराच्या संसाराचा आहे. खरं काही नसतं, माहीत आहे मला. पण पुढे काही झालं तर लोक माझं नाव घेतील आणि त्याला ऐकावं लागेल. कशाला?"

मी काही बोलायच्या आत पुढे गलका झाला. नवरदेव पाटावरून उठला होता. हळदीला बसलेल्या नवऱ्याने पाटावरून उठायचं नसतं. त्याची मावशी ओरडली, म्हातारीचं गाणं थांबलं, कुणीतरी डीजे बंद केला. तो हळदीची वाटी हातात घेऊन माणसांमधून वाट काढत थेट आमच्यापर्यंत आला आणि बाईंपुढे गुडघ्यांवर बसला.

"पयली हलद तू लाव, आते."

"अरे, सवाशिणी उभ्या हायेत. मी कशाला?"

"हलद लावायला हात लागतंय, आते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नवरा लागत न्हाय."

मग धवला गाणारी म्हातारी तिकडून खणखणीत आवाजात म्हणाली, "लाव गो पोरी, कवरा वेल त्याला बशिवतंस?" आणि तिने थांबलेलं गाणं पुढे सुरू केलं. बाईंनी दोन्ही हात वाटीत घातले. कपाळ, गाल, खांदे, दंड, कुठे किती लावावी याचं त्यांना भान राहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हळदीच्या हातांनी ते पुसताही येत नव्हतं. मी माझ्या पदराने पुसलं. शेजारी उभ्या असलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईला मी सांगत सुटले, "या आमच्या बाई. आमच्या शाळेतल्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात." जणू त्यांना मीच घडवलं होतं.

हळद झाल्यावर भाचा त्या पिवळ्या अवतारातच पाण्याचा ग्लास घेऊन आला. दुसऱ्या हातात न मागता आणलेली बशी. बाईंनी सवयीने पर्स उघडली, बाटली काढली, पट्टी बाहेर ओढली. पट्टीला हळद लागली. ती टाकून दुसरी काढली, तिलाही लागली. बोटं पिवळी, बाटलीचं तोंड पिवळं, तक्ता पिवळा. आता कुठल्याच रंगाचा काही भरवसा नव्हता. बाई हातातल्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या.

"साडेसात हाय, आते," भाचा म्हणाला. "सकालीच बघितलाय. बशीत घेऊन."

बाईंनी पट्ट्या खाली टाकल्या, बशी माझ्या हातात दिली आणि ग्लास तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.